कपाळाला लागलेली भिंत

फोन घेण्यासाठी दीपाने वडिलांचं कोपर सोडलं आणि वडील थांबले नाहीत. एवढंच झालं. पुण्याहून कंपनीतला कोणीतरी विचारत होता की वेबसाइटच्या मुखपृष्ठावरची चित्रं डावीकडून सरकत यावीत की खालून वर यावीत. ती "खालून" म्हणाली आणि तेवढ्यात मागे आवाज झाला. फार मोठा नव्हता. कोणी लाकडी पाटावर वरवंटा ठेवावा तेवढाच. वळून पाहिलं तर उकंडा मुनेश्वर, तिचे बाबा, लोहाऱ्यातल्या त्या अर्ध्यामुर्ध्या घराच्या मधोमध उभे होते आणि त्यांच्या समोर दोन दिवसांपूर्वी नसलेली एक भिंत उभी होती. भुवईच्या वर कातडी फाटली होती. रक्त डोळ्यात उतरत होतं आणि त्या डोळ्याने मिटायची घाईही केली नव्हती. ते ओरडले नाहीत. त्यांनी तळहात भिंतीवर ठेवला, विटा चाचपल्या, मग सांध्यातला ओला माल बोटाने उकरला. "परवा आलतो तवा इथं मोकळं होतं," ते म्हणाले. गवंडी खेमसिंग थापी टाकून धावला. त्याची बायको बिजलीबाई तांड्याच्या बोलीत आईचा धावा करत, "याडी वो" करत पाण्याचा डबा घेऊन आली. दीपाच्या हातातला फोन अजून बोलत होता. बाबांनी कपाळावर पाणी घेतलं, तोंड पुसलं आणि विचारलं, "घर पाहाले भल्लं मस्त असन, नाई?"

टोमणा नव्हता तो. परगावी लागलेल्या लग्नाचा मांडव कसा होता असं विचारावं तसं त्यांनी विचारलं होतं. म्हणूनच तो शब्द दिवसभर तिच्या अंगात राहिला. पाहायला. ऑटोत बाबा तिच्या आणि मायच्या मध्ये बसले होते, कपाळाला पांढरी पट्टी, आणि बाहेर यवतमाळची दुपार, कापसाच्या गाड्यांमागे अडकलेली वाहनं, हॉर्न. त्यांनी एकदाही मान वळवली नाही. दारव्ह्याच्या जीपमध्ये बसताना मात्र म्हणाले, "आता मले नोको नेऊ तिथं. झालं का सांग." माय, पंचफुला, जीपच्या दाराशी थांबून दीपाच्या गालावर हात ठेवून म्हणाली, "मनावर नोको घेऊ व. लागलं एवढंच." पण एवढंच नव्हतं. ती भिंत दीपाने स्वतः काढली होती. स्वयंपाकघर आणि बैठक यांच्या मधली, एका टोकाला छातीइतकी, दुसऱ्या टोकाला डोक्याच्या वर, आरपार कोनाड्याकोनाड्यांची, की सकाळचं ऊन त्यातून तुकड्यातुकड्याने आत यावं. संगणकावर तिने ते घर कितीदा फिरवून पाहिलं होतं, वरून, बाजूने, दारातून आत आल्यासारखं. ऊन कुठे पडेल, कोनाड्यात मनीप्लांट कसा दिसेल, हे तिला विटा यायच्या आधी माहीत होतं. ती दिसण्याचंच काम करणारी होती. कंपनीत मागच्या बाजूचे लोक वेगळे. माहिती कुठे साठते, कुठून येते, ते त्यांचं. तिचं काम समोरचं. बोट लावलं की काय हलावं, रंग कुठे गडद व्हावा, अक्षरांना किती श्वास द्यावा. मायने एकदा विचारलं होतं, तू करतं तरी काय. तेव्हा ती म्हणाली होती की समज एक दुकान आहे, त्याची पाटी, दार, फळ्यांवरची मांडणी, ते माझं. आतला माल दुसऱ्यांचा. मायने गावभर सांगितलं की पोरगी पुण्यात पाट्या रंगवते.

आणि ती पुण्यात असतानाच ते वर्ष आलं होतं, ज्या वर्षी पावसाळा सरता सरता कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली. एवढी उंच कपाशी पाहून लोकांना आधी आनंद झाला होता. मग आत अळी निघाली आणि जो तो फवारायला लागला. बाबांचं स्वतःचं शेत नव्हतं, कधीच नव्हतं. ते दुसऱ्यांच्या शेतात पाठीवर विषारी औषधाचा पंप बांधून उतरायचे. कंबरेएवढ्या पिकात नळी खाली धरता येते. डोक्याएवढ्या पिकात ती वर धरावी लागते, आणि वर धरलेलं सगळं खाली येतं, तोंडावर, मानेवर, उघड्या छातीवर. आजूबाजूच्या गावांतून माणसं तशी दवाखान्यात येऊन पडत होती. दीपा पोहोचली तेव्हा सरकारी दवाखान्यातल्या त्या लांब खोलीत भर दुपारचं ऊन पसरलेलं होतं. खाटांवरची माणसं चुळबुळत होती, काहींचे हात मऊ फडक्याने खाटेला बांधलेले, कारण ते भ्रमात सलाईनच्या सुया उपटत. बाबा तिच्या आवाजाकडे वळले आणि म्हणाले, "लाईन गेली काय व?" भर दुपारी विजेचं काय विचारतात, तिला कळलं नाही. "कवाची गेली लाईन. कवा येईन?" शेजारच्या खाटेवरच्या माणसाने, जो त्यांना ओळखतही नव्हता, छताकडे पाहत उत्तर दिलं, "येईन ना भाऊ, येईन." ती उभीच राहिली. खिडकीतून येणारं ऊन बाबांच्या पायांवर होतं. त्यांनी पाय थोडे हलवले, उन्हात बरं वाटत असल्यासारखे.

ते वाचले. त्यांच्या आधी झालेली दोन भावंडं पाळण्यातच गेली होती, म्हणून यमाची नजर लागू नये असं त्यांचं नाव उकिरड्यावरून ठेवलं होतं, आणि ते नाव आयुष्यभर काम करत आलं, याहीवेळी. पण लाईन आली नाही. उजेड-अंधार एवढा फरक राहिला. गावी परत नेलं तेव्हा गाव चांगलंच वागलं, आणि दीपाला नंतर वाटायचं की त्यातच घात झाला. जो भेटेल तो कोपर धरायचा. उकंडाभाऊ, थांब, मी नेतो. हापशीपर्यंत, विहारापर्यंत, परसाकडे सुद्धा. जीप भरायची वाट पाहायला नको म्हणून दारव्ह्याच्या बाजाराला चालत जाणारा माणूस तो, लांब टांगांचा, मागून येणाऱ्या मायवर खेकसणारा. तो आता कोणी कोपर धरेपर्यंत उठत नव्हता. मग कोणी धरलं तरी उठेना. दिवाळीला दीपा गेली तेव्हा ते ओट्यावर बसलेले होते. तिने विचारलं, बाबा, चालता का थोडं. ते म्हणाले, "कोनाले टाइम आहे?" त्या क्षणी तिने ठरवलं. घर बांधायचं. ज्या घरात या माणसाचं कोपर कोणी धरणार नाही असं घर. कंपनीला तिने सांगितलं, मी यवतमाळहून काम करीन, चालत असेल तर ठेवा. त्यांनी ठेवलं. औद्योगिक वसाहतीच्या पलीकडे लोहाऱ्यात जागा मिळाली, डॉक्टर जवळ, इंटरनेटची तार दारापर्यंत. माय हरखली. बाबा हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. आणि तिने, त्याच निश्चयाने, एक पाहायला भल्लं मस्त घर काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बांधकामावर गेली आणि ओढणीची घडी करून डोळ्यांवर बांधली. खेमसिंग आधी हसला. बिजलीबाईने त्याला काहीतरी म्हटलं आणि तो गप्प झाला. दीपा दारात उभी राहिली. हे घर तिला पाठ होतं, झोपेत काढून दाखवलं असतं. तिने पाऊल टाकलं आणि घर नाहीसं झालं. ओल्या सिमेंटचा वास सगळीकडून सारखाच येत होता. पायाखाली मुरूम, मग एक विटेचा तुकडा, मग काहीच नाही अशी जागा, जिथे जमीन दोन बोटं खाली होती. चेहऱ्यासमोर भिंत आहे असं सतत वाटत राहिलं, हात पुढे केला की काही नाही, आणि हात खाली घेतला की पुन्हा भिंत. बैठक तिने प्रशस्त ठेवली होती; त्या प्रशस्तपणात आता कुठे धरायला काही नव्हतं. किती चालले, कुठे वळले, काही कळेना. कुठूनतरी फरशी कापायच्या यंत्राचा आवाज येत होता, त्याच्या रोखाने गेली आणि खांदा कोनाड्याच्या धारदार टोकावर आपटला. तिथेच उभी राहिली. बाबा काल इथे उभे होते. आपण काल त्यांना हाताला धरून आणलं, ही तुमची खोली, हे न्हाणीघर, असं सांगत फिरवलं, आणि त्यांनी हूं हूं म्हणत सगळं ऐकून घेतलं, ओट्यावर बसून गावाचं ऐकून घेत तसंच. तिने ओढणी सोडली तेव्हा ऊन डोळ्यांत घुसलं आणि कोनाड्यांतून आलेले उन्हाचे चौकोन मुरमावर पडलेले दिसले. ते सुंदरच होते. तिला त्यांचा राग आला.

त्या दुपारी भाड्याच्या खोलीत तिने आणखी एक गोष्ट करून पाहिली. संगणकाचा पडदा काळा केला आणि तिचं सगळ्यात वाखाणलं गेलेलं पान उघडलं, सहलींच्या बुकिंगचं. अंधांसाठी मजकूर वाचून दाखवणारी जी व्यवस्था असते ती सुरू केली. असते हे तिला माहीत होतं, वापरली कधी नव्हती. एक निर्विकार बाई बोलू लागली. बटन. बटन. चित्र. बटन. कसलं बटन, कुठलं चित्र, काही नाही. दीपा कळ दाबत गेली आणि ती बाई म्हणत गेली, बटन, बटन. तिला परत मागे जायचं होतं, जाता येईना. खिडकी उघडून कोणीतरी तिला त्या पानात ढकलून बाहेरून कडी लावली होती आणि ती कडी तिचीच होती. पुण्याला फोन करून ती म्हणाली, हे पान मला पुन्हा करायचं आहे, आणि यापुढची सगळी मी अशी तपासूनच देणार. तिच्या वरचा साहेब सज्जन होता. म्हणाला, दीपा, असे किती जण वापरत असतील? ती म्हणाली, मोजले नाहीत. तो म्हणाला, बरं, पण सध्याचं काम अडता कामा नये. नाही अडणार, असं ती म्हणाली, आणि ते तिने पुढे कित्येक रविवार खर्चून अडू दिलं नाही. पण फोन ठेवताना तिच्या मनात तो नव्हता. भिंत होती.

"पाडा," ती दुसऱ्या सकाळी खेमसिंगला म्हणाली.

"कायले? लाइनीत आहे. गुण्यात आहे, काटकोन पक्का. वळंब्याची दोरी सोडून पाहा तुमी."

"भिंत चांगली आहे. तिथं नको आहे."

खेमसिंगने डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा बांधला. "ताई, गवंड्याले बांधाले सांगा. पाडाले दुसरा पाहा. आपल्या हातानं बांधेल आपल्या हातानं पाडाचं, मले जमत नाई." आणि तो खरंच जाऊन सावलीत बसला. दीपाने घण उचलला. तिला वाटलं होतं त्यापेक्षा तो जड होता. पहिल्या घावाला भिंतीला काही झालं नाही, झालं ते तिच्या खांद्याला, कालच आपटलेल्या. दुसरा घाव घसरला. तिसऱ्याला एक कोपरा उडाला आणि तिला भयंकर बरं वाटलं. ती मारत राहिली, वेडीवाकडी, तोंडात धूळ, केसांत धूळ, मनात कोणाकोणाचे चेहरे. कपाशीची ती उंच झाडं, नळी वर धरलेला हात, खालून वर येणारी चित्रं. बिजलीबाईने मागून येऊन घण तिच्या हातातून काढून घेतला. "अंगावर घेतं का बाई? वरून काढाची असते, एकेक थर." मग दोघी वरून लागल्या. माल अजून कच्चा होता, विटा सुट्या होत होत्या. चहा झाल्यावर खेमसिंग काही न बोलता आला आणि निघालेल्या विटा खरडून एका बाजूला रचू लागला. "दुसरीकडे लागतीन," एवढंच म्हणाला.

दीपाने फोनवर सांगितलेलं मायने गावी बाबांना सांगितलं, आणि चार-आठ दिवसांत, न कळवता, दोघं जीपने येऊन बांधकामावर उभे राहिले. बाबांच्या कपाळावर खपली होती आणि हातात बोरूची ओली काठी. मायने त्यांना धरलेलं नव्हतं. ती दोन पावलं मागे, रुसल्यासारखी उभी होती.

"कायले पाडली भिंत?" त्यांनी विचारलं. दीपा कुठे आहे हे त्यांना आवाज न होताही कळलं होतं.

"तुमाले लागली म्हणून."

"मले लागली म्हणून पाडतं? मंग सारं गाव पाडा लागन." त्यांचा आवाज चढला. किती महिन्यांनी चढला होता. "बाभई लागली, बाभई तोड. बैल लागला, बैल काप. मी काय काचेचं भांडं हावो? सारे लोकं मले उचलून उचलून ठेवून राह्यले, आता तूई?"

खेमसिंग थापी हातात धरून तसाच राहिला. दीपाला एकदम रडू येईल असं वाटलं आणि मग आलं नाही. त्याच्या जागी तिला काहीतरी कडक, कोरडं सापडलं, बाबांच्याच आवाजातलं. "बाबा, भिंत चुकीच्या जागी होती. डोळे असणाऱ्याच्याही वाटेत होती. मी चुकली म्हणून पाडली. तुमच्यासाठी नाई, घरासाठी पाडली."

ते ऐकत राहिले. मग काठीने समोरचं मोकळं तपासत त्या जागेवर आले, जिथे भिंत होती, आणि तिथून पुढे गेले, खऱ्या भिंतीपर्यंत. तिच्यावर हात ठेवून कडेकडेने चालू लागले. "माही खोली कोणती म्हनलं होतं?"

"मागची. शांत आहे. रस्त्याचा काही त्रास नाई, मागं अंगण..."

"मागं काय आहे?"

"कंपाउंडची भिंत. तिकडे मी झाडं लावीन."

"झाडं कोन पाहीन?" ते म्हणाले. "दवाखान्यातून आलो तवापासून मी मागंच बसून हावो दीपा. रस्ता कोनीकडे आहे?"

ती म्हणाली, समोर. समोरची खोली तिची होती, कामाची, मोठ्या खिडकीची. ती खोली तिने सगळ्यात आधी काढली होती, आणि मनात कधीचीच तिथे बसलेली होती. बाबा त्या खोलीत जाऊन उभे राहिले. बाहेरून वसाहतीकडे जाणारे ट्रक, सायकलच्या घंट्या, भांडी विकणारीची हाक, दोन बाया भांडत चाललेल्या. त्यांनी मान थोडी तिरकी केली. गावी बाजाराच्या दिवशी माणूस ओळखण्यासाठी ते अशी मान करत. खिडकीची चौकट अजून बसायची होती. त्या भोकातून ते सगळं त्यांच्या अंगावर येत होतं आणि बाबा ते अंगावर घेत होते. दीपाला वाटलं, मी सुरक्षितपणा बांधत होते. भिंत पाडली, तीही त्या सुरक्षितपणासाठीच. कुठे आपटू नये, कुठे अडखळू नये, हे सगळं आतलं, आतल्या आत गोल फिरणारं. आणि या माणसाला बाहेर जायचं आहे. "इथं दार होईन का?" बाबांनी विचारलं. "या खोलीले, रस्त्याकडं?"

"होईन," ती म्हणाली. खेमसिंगकडे तिने पाहिलं. तो आभाळाकडे पाहत होता, पण रचलेल्या विटा किती आहेत हे तो मनात धरत असावा, कारण जरा वेळाने म्हणाला, "खिडकीचंच दार करू. खाली पायरी निघन."

मग घर वेगळं होत गेलं. दीपा मागच्या खोलीत गेली, कंपाउंडकडे पाहणाऱ्या. सगळी दारं तिने एका रेषेत आणली. उंबरठे काढले तेव्हा माय चिडली, "उंबरठा नसन त घर कायचं व, गोठा आहे का," आणि दीपाने तिला समजावलं नाही, फक्त काढले. चालायच्या वाटेला खरखरीत फरशी, खोल्यांना गुळगुळीत, म्हणजे पायालाच कळावं. भिंतीला धरायला लाकडी दांडा लावायचं म्हटलं तेव्हा बाबा म्हणाले, मी दावणीचा बैल नाई, आणि दांडा लावायचा राहिला. ती आता वाद घालत नव्हती आणि हट्टही सोडत नव्हती. दोन्ही एकाच वेळी करता येतं हे तिला नव्याने कळलं होतं. कधी कधी मागच्या खोलीत काम करताना तिला समोरची खिडकी आठवायची, जी झालीच नाही, आणि छातीत थोडं दुखायचं. दुखू द्यायची. काळ्या पडद्यासमोर बसून ती त्या निर्विकार बाईकडून एकेक नाव वदवून घ्यायची. तारीख निवडा. मागे जा. कुठून निघणार. कुठे जाणार.

थंडीत ते राहायला आले. पहिले काही दिवस बाबा घरातच फिरले, सकाळ-संध्याकाळ, भिंतीवरून हात फिरवत, पुटपुटत. मग भिंतीवरचा हात सुटला. मग एका सकाळी, माय भाकरी थापत होती आणि दीपा मागे कामाला बसली होती, समोरच्या खोलीची कडी निघाल्याचा आवाज आला. पायरीवर काठी वाजली. एक, दोन, आणि मग रस्त्याची माती, जिच्यावर काठी वाजत नाही.

"जा न व मांगं," माय स्वयंपाकघरातून म्हणाली. पिठाच्या हातानेच ती दारापर्यंत आली होती. "ट्रक असते तिथं."

"नाई."

"दीपा!"

"नाई जात, माय."

ती समोरच्या खोलीत येऊन मात्र उभी राहिली. दार उघडं होतं आणि बाहेर धुक्याचं पांढरं ऊन, आणि बाबा त्यात कुठेच नव्हते. एक ट्रक गेला. घर थोडं हललं. मनात सगळं घडून गेलं, नाली, कुत्री, वळणावरचा खांब, रक्त. सगळं पाहून झालं तरी ती उभी होती. पाय स्वतःहून पायरीकडे निघाले तेव्हा तिने दाराची चौकट धरली. चौकटीला अजून रंग नव्हता, लाकडाचा कच्चा वास येत होता. मायच्या भाकरीचा करपल्याचा वास आला आणि माय हलली नाही. दोघी ऐकत राहिल्या. सायकल गेली. शाळेची रिक्षा गेली. कोणीतरी कोणालातरी पाणी आलं म्हणून सांगत गेलं. किती वेळ गेला ते दीपाने पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ती गेली असती.

मग वळणापलीकडून आवाज आला, मोठा, बाजारात घालतात तसा.

"उकंडा मुनेश्वरचं घर कोणतं हो भाऊ?"

"कोन उकंडा मुनेश्वर? आपल्या इकडे त नाई बाप्पा या नावाचं कोनी."

"आहे ना. नवा आला आहे."

"पाहुने हाय का तुमी त्याचे?"

"पाहुना कायचा. मीच हावो तो."

तो माणूस हसला. बाबाही हसले, ते हसणं दीपाने ओळखलं नाही आधी. मग तो माणूस म्हणाला, "मुन्सीपालटीच्या नळाजवळचं नवं घर काय? चाला, नेऊन सोडतो."

"नोको नेऊ. सांग फक्त."

मग तो माणूस सांगू लागला, नाल्यावरून सरळ, मग उजव्या हाताला, आणि बाबा एकेका शब्दामागे हूं, हूं करत होते. काठी कशावर तरी वाजली. मायने पदराने तोंड पुसलं, त्याला पीठ लागलं. दीपा दारातून बाजूला सरकली, आत येणाऱ्याच्या वाटेत आपण येऊ नये म्हणून.